सात नंबरची बाटली

९ फेब्रुवारी

नाकाडे,

तुझं पार्सल काल पोचलं. दोन बाटल्या, दोन्ही धड. बोटाएवढ्या बाटल्यांना एवढं मोठं खोकं आणि त्यात एवढा कापूस, की मला वाटलं, पोरीने पणतूच पाठवला की काय.

टाइप केलेलं पत्र बघून दचकू नकोस, जप्तीची नोटीस नाही. इतकी वर्षं माझी पत्रं पोस्टमन लिहून द्यायचा. मी तासभर बोलायची आणि तो चार ओळींत 'सर्व कुशल' करून टाकायचा. वाचता येत नाही म्हणून काय झालं, ओळी मोजता येतात मला. तो निवृत्त झाला, तेव्हा आता दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंना धरलंय. बाईंनी एकतीस वर्षं कोर्टात साक्षी टाइप केल्या. तोंडातून निघालं की कागदावर उतरलं, अशी त्यांच्या बोटांना खोडच आहे. मी म्हटलं, 'बाई, एवढं गाळा.' म्हणाल्या, 'आजी, साक्षीदाराचं बोलणं गाळता येत नाही.' तेव्हा मधे काही भलतंसलतं दिसलं तर ते मीच बोललेली असेन, पण तुझ्यासाठी नव्हे, एवढं लक्षात ठेव.

फोन का करत नाही, असं विचारतेस. घरात फोन एकच, तोही तुझ्या बापाच्या शर्टाच्या खिशात. पुढचं तू जाणतेस.

तुझं पत्र बाईंनी दोनदा वाचलं. एकदा मला कळावं म्हणून, एकदा त्यांना खरं वाटावं म्हणून. म्हणजे तुमची कंपनी चामड्याच्या वासाचं अत्तर काढणार, आणि चामडंही साधं नाही, शहरात राहिलेलं. त्यात भिजलेला डांबरी रस्ता, बसचे तापलेले ब्रेक, लिफ्टच्या साखळीचं ग्रीस, सकाळच्या पेपरची शाई. आणि नाव काय, तर 'तिसरा मजला'! अगं, आपला तिसरा मजला. लिफ्ट बंद, जिन्यातला दिवा गेलेला, खिडकीखाली बसस्टॉप, पुढच्या खोलीत चामड्याच्या कामाचं दुकान आणि मागच्या खोलीत मी. इथले लोक वास येऊ नये म्हणून खिडक्या लावून घेतात, आणि तू तोच वास लोकांच्या मानेला चोपडणार. बाई म्हणाल्या, 'आजी, महाग असेल हो हे.' मी म्हटलं, मी सत्तर वर्षं फुकटात हुंगतेय, म्हणजे मी तर राणीच निघाले.

पण एक ओळ वाचली तेव्हा मी हसले नाही. 'वीस मार्चला दोनातली एक बाटली कारखान्यात द्यायची आहे. चार नंबर इथे सगळ्यांना आवडते. सातमध्ये मी एक गोष्ट जास्तीची घातली आहे, ती फक्त तुलाच कळेल. तू सांगशील तीच देईन. आजी, तुझ्या नाकाखालून गेल्याशिवाय मी काही खरं मानत नाही.'

बरोबर आहे तुझं. मला अक्षर आलं नाही, पण नाक आलं. टॅनरीतून माल आला की तुझे आजोबा कातडं बोटांनी चाचपायचे, तुझा बाप उजेडात धरून बघायचा, आणि मग दोघे बापलेक माझ्याकडे बघायचे. मी एक कोपरा दुमडून नाकाशी धरायची आणि निकाल द्यायची. ओलं असताना गुंडाळलंय, महिन्याभरात बुरशी धरेल, परत पाठवा. चिकटवलेलं अजून आतून सुकलं नाही, शिवण घालू नका. कधी चुकले नाही. आणि तू, आई लवकर गेलेली पोर, कापायच्या टेबलाखाली मांडीवर वही घेऊन बसायचीस आणि खाली पडलेला तुकडा वर करून विचारायचीस, 'आजी, हा कशाचा?' तेच तुझं पहिलं कॉलेज. फी काही मिळाली नाही मला अजून.

तर बाटल्या. दोन्ही चांगल्या आहेत. चार जरा अशी आहे, सात जरा तशी. तू समजून जाशील. अशा कामात घाई करू नये, वास मुरू द्यावा लागतो. पुढच्या पत्रात सांगते. बाई, नाकाला रुमाल का लावलात? एवढा उग्र? हो, उग्र आहेच की, मला कळत नाही होय? मी म्हणतेच आहे उग्र म्हणून. हे लिहू नका.

बाकी ठीक. थंडीत ताप आला होता, तीन आठवडे पडून होते, आता उठून बसते. परवा दूध करपलं. पातेलं पार काळंठिक्कर. मी शेजारीच बसले होते, तुझी आठवण काढत. तुझा बाप दुकानातून धावत आला, म्हणाला, 'आई, डोळा लागला का?' मी म्हटलं, 'हो.' सोपं उत्तर सापडलं की माणसाने ते सोडू नये.

बाटल्यांचं त्याला ठाऊक नाही. पार्सल आलं तेव्हा तो माल पोचवायला गेला होता. उशीखाली ठेवल्यात.

खाली चामडं टोचायच्या आरीने तीन भोकं पाडलीत, ती माझी सही. बाई म्हणतात, कोर्टात चालणार नाही. तुझ्याकडे चालेल.

तुझी आजी


२१ फेब्रुवारी

नाकाडे,

तुझं पत्र ऐकून बाई खूश झाल्या, म्हणाल्या, 'ही तर वकिलासारखी विचारते.' सातमधली ती गोष्ट कोणती? आधी येते की मागून? मनगटावर लावून तासाभराने काय उरतं? अगं, म्हातारीची कसली परीक्षा घेतेस? पदवी देणार आहेस का?

सांगते. पण आधी दुसरं सांगते.

पत्राच्या शेवटी तू तुझ्या बापाबद्दल लिहिलंस, आणि त्यातली एक ओळ खोडून पुन्हा लिहिलीस असं बाई सांगतात. 'बाबा अजून त्या दिवसाचं बोलतात का?' नाही. तो बोलत नाही. बोलला असता तर बरं होतं.

सहा वर्षं झाली. त्याने दोन महिने खपून ती बॅग केली. तुझ्या बाटल्यांसाठी आतून कप्पे, प्रत्येक कप्प्याला अस्तर, आणि सगळी शिवण हाताची, मशीन नावाला नाही. तुला त्या वासाच्या शाळेत प्रवेश मिळायचा होता, त्या परीक्षेला तुझ्यामागोमाग अकरा तास बसने बॅग मांडीवर घेऊन गेला. पिशवीत घाल म्हटलं तर म्हणाला, 'दबेल.' आणि तिथे दारातच शिपाई म्हणाला, 'बॅग बाहेर. चामड्याचा वास आत चालत नाही, आतून मॅडमनी सांगितलंय.' आतली मॅडम म्हणजे तू. काचेतून त्याने तुला मान हलवताना बघितलं. बॅग बाहेर, तर बॅगवालाही बाहेर. आलेल्याच बसने परत आला. तुझ्या बापाचं नाक माझ्याएवढं नाही, पण ताठ माझ्याहून जास्त.

आता तू लिहितेस की तो नियमच होता. त्या खोलीत जाताना साबणसुद्धा बिनवासाचा लावायचा, कोऱ्या चामड्याने सगळ्यांची परीक्षा बिघडली असती. तू शिपायाला म्हणालीस, 'बॅग बाहेर ठेवायला सांगा, मी दोन तासांत येते,' आणि आलीस तर बाप नाही. हे मला सहा वर्षांनी कळतंय! एवढी वर्षं दोघं गप्प, आणि मधे मी, जिला दोघांचं लिहिलेलं वाचता येत नाही.

मी त्याला सांगितलं. जेवताना, सहज आठवल्यासारखं. तो बराच वेळ चावत राहिला. मग म्हणाला, 'नियम असेल. पण तिने येऊन सांगायला हवं होतं. शिपायाने नाही.' मग म्हणाला, 'भाजीत मीठ नाही.' मीठ होतं.

बॅग माझ्या खोलीत खिळ्याला आहे, कापडी खोळ घालून. विकली नाही, कोणाला दिली नाही. दर रविवारी खोळ काढतो, बाहेरून पुसतो, पॉलिश करतो, पुन्हा अडकवतो. आत कधी हात घालत नाही. मी एकदा विचारलं, 'कोणासाठी रे?' म्हणाला, 'न वापरता ठेवलं की चामडं तडकतं.' माणसाचंही तसंच असतं, असं मी म्हणणार होते. पण त्याच्या हातात ब्रश होता.

बाटल्यांचं म्हणशील तर चार. चार नंबर दे. सात डोक्यात जाते. त्यातली ती गोष्ट मला कळली, कळणारच, पण ती बाजारात न्यायची गोष्ट नाही, पोरी. ती झाकलेली बरी.

बाई, असं का बघताय माझ्याकडे? टाइप करा.

तुझी आजी


४ मार्च

नाकाडे,

तुझं उत्तर आलं. दोन ओळी. 'बरोबर आहे आजी. ते बाजारात न्यायसारखं नव्हतंच. चार देते.'

एवढंच? पाठपोट बघितलं बाईंनी. मागे काही नाही. नेहमी तू चार पानं लिहितेस, त्यातली दोन तर माझ्या गुडघ्यांवर असतात. या वेळी गुडघ्यांना कोणी विचारलं नाही.

वाचून झाल्यावर बाई कागदाची घडी घालून गप्प बसल्या. एकतीस वर्षं खोट्या साक्षी ऐकलेली बाई आहे. तिचं गप्प बसणं मला नाही आवडलं. मी म्हटलं, 'बोला की.' म्हणाल्या, 'मी फक्त टाइप करते.'

उशीखाली बाटल्या खुपायच्या. चारची मी खिडकीत ठेवली, हिच्यातलं तर आता जगजाहीरच होणार. सातची त्या बॅगेत टाकली, मधल्या कप्प्यात. अगदी मापाचा निघाला कप्पा. तुझ्या बापाच्या हाताला दाद द्यायला हवी. आत तो कधी बघत नाही, तेव्हा तिथे ती सुखात राहील. तुझ्याच बॅगेत तुझीच बाटली, कोणाचं काय गेलं?

गुडघे दुखतात. विचारलं नाहीस म्हणून सांगितलं.

आजी


११ मार्च

नाकाडे,

बाईंनी तुला फोनवर कळवलं असेलच, 'चार थांबव, पत्र येतंय.' त्या म्हणत होत्या, 'आजी, माझ्या फोनवरून तुम्हीच बोला ना.' पण तुझं 'हॅलो' कानावर पडलं की मी पुन्हा रेटून खोटं बोलेन, मी ओळखते मला. साक्ष लेखीच बरी. आज मीच बाईंना म्हटलंय, एक शब्द गाळू नका.

मला वास येत नाही.

थंडीतल्या तापात गेला. ताप उतरल्यावर पहिल्या सकाळी डोळे उघडले आणि मला वाटलं, आज दुकान बंद आहे की काय. मशीन तर चालू होती, ऐकू येत होती. उठून बाहेर गेले. चिकटवायच्या सोल्यूशनचा डबा उघडा होता, ज्याने नवख्या माणसाचे डोळे झोंबतात. मी त्याच्यावर वाकले. काही नाही. पाणी हुंगावं तसं. तुझा बाप म्हणाला, 'आई, अंगावर सांडेल.' मी म्हटलं, 'जरा घट्ट झालंय का बघत होते.'

मग घरातलं एकेक हुंगून बघितलं. चहा, साबण, जळती काडी, जुनी वर्तमानपत्रं. शेवटी ट्रंक उघडली. तुझ्या आजोबांचा कामाचा एप्रन मी इतकी वर्षं न धुता ठेवलाय, तुला ठाऊक आहे. फार आठवण झाली की मी ट्रंकेचं झाकण नुसतं बोटभर उचलायची, वास सगळा एकदम संपू नये म्हणून. त्या दिवशी त्यात तोंड खुपसलं. नुसतं कापड होतं गं. कडक, जुनं कापड. ते गेले तेव्हा मी लोकांसमोर रडले नव्हते. त्या दिवशी ट्रंकेपुढे बसून रडले.

कोणाला सांगितलं नाही. काय सांगू? ज्या बाईला लिहिता येत नाही, वाचता येत नाही, घड्याळ कसंबसं कळतं, तिच्याकडे एकच गोष्ट होती जिच्यासाठी लोक थांबायचे. दीड महिन्यापूर्वी माल आला, तुझ्या बापाने सवयीने कोपरा पुढे केला, मी सवयीने नाकाशी धरला आणि म्हटलं, 'चांगला आहे.' त्या गठ्ठ्याला बुरशी आली. तो म्हणाला, 'आपल्याच भिंतीला ओल असेल.' भिंत खडखडीत कोरडी आहे.

आणि अशात तुझ्या बाटल्या आल्या.

चार मी कशी निवडली, ऐक. बाईंना दोन्ही हुंगायला लावल्या. चारला त्या म्हणाल्या, 'न्यायाधीशांच्या नव्या खुर्चीसारखा वास आहे.' सातला त्यांना सहा शिंका आल्या. मी म्हटलं, शिंका येतात ते कोण विकत घेणार? झाला निकाल. आणि त्या एका गोष्टीबद्दल तू पिच्छा सोडेनास, म्हणून 'बाजारात न्यायची गोष्ट नाही' असं एक भारदस्त वाक्य तुझ्या अंगावर टाकून दिलं. ते तुला कुठे जाऊन लागलं, हे तुझ्या दोन ओळींवरून कळलं मला. ओळी मोजता येतात, म्हटलं ना.

तरी मी गप्पच बसले असते. खरं सांगते. नऊ दिवसांनी चार नंबर कारखान्यात गेली असती, आणि माझी झाकली मूठ माझ्याबरोबर वर गेली असती.

आज रविवार. सकाळी तो पॉलिशचा डबा आणि फडकं घेऊन माझ्या खोलीत आला. मी खिडकीशी बसले होते. त्याने बॅग खिळ्यावरून काढली, खोळ ओढली, आणि तसाच उभा राहिला. मला वाटलं, पाठीत उसण भरली.

'आई, ती कधी येऊन गेली?'

'कोण?'

'मी माल द्यायला गेलो होतो तेव्हा आली होती ना? मला सांगितलं का नाहीस?'

'अरे, कोणी आलं नाही.'

'मग हा वास?'

'कसला वास?'

त्याने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक बस उभी होती.

माझ्या बोटांनी आता झाकण घट्ट बसत नाही, नाकाडे. बाटली कप्प्यात आडवी झाली, आणि आठवडाभर थेंब थेंब झिरपत अस्तरातून चामड्यात गेली. वास खोळीच्या आत कोंडून राहिला. माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर सगळी बाटली रिकामी झाली आणि मला पत्ता नाही.

तो बॅग मांडीवर घेऊन माझ्या खाटेवर बसला. सहा वर्षांत पहिल्यांदा त्याने ती उघडली. तोंड जवळ नेलं. मग थांबत थांबत बोलायला लागला, माझ्याशी नाही, बॅगेशीच बोलल्यासारखा. म्हणाला, 'पेन्सिल तासल्याचा वास आहे. टेबलाखाली बसून तुकड्यांवर पेन्सिली तासायची. संध्याकाळी झाडायला घेतलं की कातड्याचे काप आणि लाकडाच्या साली एकत्र निघायच्या. मी रोज ओरडायचो, कचरा एका जागी करता येत नाही का. खाली बस थांबायची, तिच्या ब्रेकचा वास खिडकीतून वर यायचा. तेव्हा मी मशीन बंद करायचो. आणि ती टेबलाखालून म्हणायची, बाबा, झालं?'

बस सुटली. दुसरी आली.

मी म्हटलं, 'तिने केलाय तो वास. बाटलीत घालून पाठवला होता. मी तिला सांगितलं, देऊ नकोस.'

'का?'

'मला येत नाही म्हणून. थंडीपासून.'

'माहीत आहे,' तो म्हणाला.

'कधीपासून?'

'दूध करपलं तेव्हापासून.'

बघ, कसं खोल पाणी आहे. दोन महिने मी त्याच्यापासून लपवतेय आणि महिनाभर तो माझ्यापासून लपवतोय की त्याला कळलंय. तुझी आई असती तर म्हणाली असती, या घरात बोलायला बंदी आहे का?

बॅग त्याने पुन्हा खिळ्याला लावली. खोळ घातली नाही. पॉलिशही केलं नाही, डबा तसाच बंद घेऊन गेला. चामडं तडकेल म्हणून काळजी करणारा माणूस.

तेव्हा सात दे, पोरी. मी सांगते म्हणून नव्हे, माझं सांगणं आता संपलं. ज्याने न विचारता, न सांगता ओळखलं, त्याच्यामुळे दे. आणि ते बाजारात न्यायसारखं नाही असं मी म्हटलं होतं, ते खोटं होतं. त्या टेबलाखालची गोष्ट आहे ती. कुठेही ने.

बाई डोळे पुसताहेत. सात नंबरचा उग्रपणा आहे म्हणतात. खोटी साक्ष.

तुझी आजी


१८ मार्च

नाकाडे,

अक्षर ओळखलंस ना?

बाई म्हणाल्या, टाइपरायटर बिघडलाय. सकाळी जिन्यात उभी राहून मी ऐकलाय, धडधाकट आहे. पण भल्या बाईच्या खोटेपणाला नावं ठेवू नयेत, म्हणून या तुझ्या बापाला लिहायला बसवलंय. हा पोस्टमनपेक्षा वाईट. मी दहा शब्द बोलले की तीन लिहितो. कागदावर बोट ठेवून विचारते, ही ओळ कशाची? ही एवढी छोटी का? 'तुझ्या बापाला' असं लिही म्हटलं तर म्हणतो, 'मी स्वतःला असं कसं लिहू?' लिही, म्हटलं. लिहिलंय का नाही, ते तू बघ.

तुझं पत्र मिळालं. सात दिलीस. चांगलं केलंस. बाईंनी ते माझ्याआधी यालाच वाचायला दिलं असा मला संशय आहे, कारण हा कालपासून दुकानात मशीनवर एकच शिवण तीनदा उसवतोय.

डॉक्टरकडे नेलं मला याने. डॉक्टर म्हणाले, येईल परत, नाही आला तर नाही येणार. एवढं मलाही सांगता आलं असतं, आणि मला दारावर डॉक्टरची पाटीही लावावी लागली नसती. तोवर आम्ही एक पद्धत काढलीय. तुझी पत्रं मला बाई वाचून दाखवतात, तसा वास हा वाचून दाखवतो. संध्याकाळी मशीन बंद केली की माझ्या खोलीत येतो, खिडकी उघडतो आणि म्हणतो, 'आई, आज खाली रस्ता धुतलाय. पेपरवाल्याने नवा गठ्ठा सोडलाय. दुसऱ्या मजल्यावर काहीतरी करपलंय.' काल मी ट्रंक उघडली आणि म्हटलं, 'हे वाच.' त्याने एप्रन हातात घेतला. बराच वेळ वाचत होता. म्हणाला, 'आहेत अजून.' बास. एवढं पुरलं मला.

तू विचारलंस, 'आजी, मग आता मी कोणाला विचारू?'

मी याला म्हटलं, काय लिहायचं? हा म्हणाला, 'तुझं पत्र आहे, तू सांग.' तर सांगते. मान खाली घालून लिहितोय त्यालाच विचार. नाक माझ्याएवढं नाही. पण एकदा बरोबर ठरलंय.

हे वाक्य लिहायला याने एवढा वेळ लावला की माझा चहा निवला.

खाली माझी तीन भोकं आहेत. त्याच्याखाली मुद्दाम जागा सोडायला लावलीय. त्याला काही लिहायचं असेल तर लिहील, नसेल तर कोरीच राहू दे. काय लिहिलं ते मला वाचता येत नाही, आणि बाईंना मी विचारणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझं निरक्षर असणं कोणाच्या तरी कामी येतंय.

गुडघे बरे आहेत.

तुझी आजी


बॅगेचं अस्तर बदल, असं आई म्हणते. मी बदललेलं नाही. वास अजून आहे, सकाळी जास्त येतो. तुमच्या त्या खोलीत आता ही बॅग चालेल का, ते शिपायाकडून कळवू नकोस.